चाहूल आणि शिक्का

कुंभवलीच्या आसपास, तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्यांत विशी-पंचविशीतली मुले पुष्कळ आहेत. घर लांब, खोली भाड्याची, झोप रात्रपाळीच्या हवाली. यांतला एखादा सहा महिन्यांत अबोल होतो, खाडे करतो, सोबती आपल्याचविषयी कुजबुजतात असे म्हणू लागतो. कुणी म्हणते आळशी झाला, कुणी म्हणते बाहेरची बाधा. तिसरी शक्यता कोणती, तेवढे आम्ही येथे सांगणार आहोत.

जे इतरांस ऐकू येत नाही ते ऐकू येणे, सारे आपल्यावर टपले आहेत अशी पुराव्यानेही न हलणारी खात्री वाटणे, याला सायकोसिस म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा त्यांतला प्रमुख आजार. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. पूर्वी डॉक्टरांची व रोग्याची गाठ पडे ती सर्व उघड झाल्यावर. १९९४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग प्रभृतींनी दवाखाना काढून निराळाच प्रश्न विचारला: आजारापूर्वी त्याची चाहूल लागते काय?

त्यांनी तीन खुणा धरल्या. पहिली, भास व संशय आहेत, पण सौम्य. मुलाला स्वतःलाच त्यांची शंका येते. दुसरी, तीव्र भास झाले, पण आठवड्याच्या आत आपोआप गेले. तिसरी, जवळच्या नात्यात हा आजार आहे आणि मुलाचे काम, शिक्षण, माणसांत मिसळणे अलीकडे ढासळले आहे. हे रक्त तपासून कळत नाही; सावकाश बोलून, महिनोन्महिने पुन्हापुन्हा भेटून कळते.

आता मुख्य गोष्ट. अशा मुलांवर जगभर जे अभ्यास झाले, त्यांत तीन वर्षांत चारांपैकी सुमारे एकालाच सायकोसिस झाला. उरलेल्या तिघांना झाला नाही. म्हणून ‘जोखीम’ म्हणजे ‘रोग’ नव्हे. अशांना एकदम जालीम औषधे न देता आधी समुपदेशन, घरच्यांशी बोलणे, झोप सावरणे, गांजा सोडवणे हा मार्ग धरतात.

आणि येथेच कामगाराची खरी भीती आहे. ही चाहूल फाटकावरच्या नोंदवहीत शिरली, तर तिघा निरोग्यांची रोजी जाईल. मग चौथाही तोंड उघडणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. आजार जडलाच, तर राज्य कामगार विमा योजनेच्या दीर्घकालीन आजारांत स्किझोफ्रेनिया आहे. नोकरीची व वर्गणीची अट पुरी करणाऱ्यास वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. ठेकेदाराने वर्गणीच भरली नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. तेव्हा वर्गणी भरली जाते की नाही हे पाहणे, हेही मानसिक आरोग्याचेच काम होय.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली, तेव्हापासून रुग्णांची कुटुंबे तेथे एकमेकांना धीर देत आली आहेत. तसा धीर खोलीतल्या सोबत्यांनाही देता येईल. १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मुलगा बदललेला दिसला, तर त्याला हसू नका, त्याची चुगलीही करू नका. जवळ बसा, विचारा आणि डॉक्टरकडे जाताना सोबत जा.