थेंबाथेंबाने

सॅन फ्रान्सिस्कोत १९८२ साली चार समलिंगी पुरुषांना बर्किट लिम्फोमासारखा, म्हणजे लसिका-पेशींचा, कर्करोग झाल्याची नोंद डॉ. जॉन झिग्लर आणि सहकाऱ्यांनी केली. झिग्लरना हा आजार परका नव्हता. युगांडात, कंपालाच्या कर्करोग संस्थेत, जबडा सुजलेली मुले केमोथेरपीने बरी होताना त्यांनी पाहिली होती. पण मुलांचा हा आजार मोठ्यांना, तोही अमेरिकेत? यामागे असलेला एचआयव्ही तेव्हा सापडलाही नव्हता.

एचआयव्ही असलेल्यांच्या लिम्फोमावर उपचार करताना पुढची पंधरा वर्षे डॉक्टर कात्रीत सापडले. केमोची पूर्ण मात्रा द्यावी तर पांढऱ्या पेशी ढासळून रुग्ण जंतुसंसर्गाने दगावण्याची भीती. कमी द्यावी तर गाठ उरण्याची. १९९७ साली दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली. कमी मात्रेत त्रास कमी, आयुष्य दोन्हीकडे जवळपास तेवढेच: जेमतेम सात-आठ महिने.

बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. विंडहॅम विल्सन आणि सहकाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. कर्कपेशींवर औषध थोडे पण दीर्घकाळ राहिले, तर त्या दाद देतात, असे प्रयोगशाळेत दिसले होते. म्हणून तीन औषधे सलग ९६ तास द्यायची. कमरेच्या पिशवीत छोटा पंप, त्याची नळी छातीजवळच्या मोठ्या शिरेत. झोपतानाही तो चालूच. पाचव्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड. त्याची पहिली मात्रा सीडी४ या प्रतिकार-पेशींची संख्या पाहून ठरायची, पुढची मात्रा पांढऱ्या पेशी किती घसरल्या यावरून.

आणि सगळ्यांत मोठे धाडस म्हणजे या काळात एचआयव्हीची औषधे बंद! त्यांची आणि केमोची टक्कर नको म्हणून. विषाणू उसळला, सीडी४ खाली आले. हा टप्पा वाचताना आजही माझ्या छातीत धस्स होते. केमो संपून औषधे पुन्हा सुरू झाली, तसा तीन महिन्यांत विषाणू आटोक्यात आला आणि वर्षभरात सीडी४ पूर्वपदावर.

२००३ साली निकाल छापून आला. ३९ रुग्णांपैकी ७४ टक्क्यांच्या गाठी पूर्ण विरल्या होत्या. ५३ महिन्यांनंतरचे जगण्याचे प्रमाण ६० टक्के होते.

आता केमोबरोबर चालतील अशी एचआयव्हीची औषधे आहेत, त्यामुळे ती सहसा थांबवत नाहीत. आपल्याकडे अडचण आधी निदानाचीच: मानेतली गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो. घरात एचआयव्ही असलेले कुणी असेल आणि क्षयाच्या औषधांनी गाठ विरत नसेल, तर थांबू नका. ती लिम्फोमाची असू शकते; बायॉप्सीचा आग्रह धरा.