भिंतींचा उबदार रंग कसा निवडावा

साय, हस्तिदंती, बदामी, बेज हे सगळे रंग मुळात पांढरेच. त्यात पिवळ्या आणि तांबड्या रंगद्रव्याचे काही थेंब आणि नावापुरता काळा पडलेला असतो. चुन्याच्या भिंतींच्या काळात रंगारी बादलीत पिवडी किंवा काव कालवून हेच करत. पिवडी आणि काव ही लोहाची नैसर्गिक ऑक्साइडे. आज दुकानातले यंत्र टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या बेसमध्ये बहुधा कारखान्यात बनलेली लोहाचीच ऑक्साइडे मोजून सोडते. म्हणून हे रंग माती, लाकूड आणि सुती कापडाशी सहज जुळतात.

निवड चुकते ती आतल्या छटेमुळे. शेडकार्डावर सारखे वाटणारे दोन बेज भिंतीवर गेले की एक गुलाबीकडे झुकतो, दुसरा हिरवटाकडे. ही छटा ओळखण्यासाठी नमुना कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि शेजारी तशाच फिक्या आणखी दोन-तीन शेड मांडाव्यात. एकटा नमुना नुसता ‘क्रीम’ दिसतो. शेजार मिळाला की त्यातला पिवळा, गुलाबी किंवा हिरवा उघडा पडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी 1839 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच नियम मांडला होता. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात ते रंगाईचे प्रमुख होते. काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे, असे त्यांना आढळले.

घरात हा शेजार सर्वांत जास्त असतो फरशीचा. ती बदलणार नसेल, तर रंगाची निवड तिच्यापासूनच सुरू करावी. कोटा फरशी हिरवट करडी असते. तिच्यावर गुलाबी झाकेचा बेज विसंगत दिसतो, तर किंचित पिवळसर किंवा करड्याकडे झुकणारा बेज शोभतो. शहाबादीचा निळसर करडेपणा सायीच्या रंगाने सौम्य होतो. सागवानी दारे-खिडक्या स्वतःच भरपूर तांबूस-पिवळ्या असतात, त्यांच्याजवळ भिंत गडद पिवळी केली की सगळी खोली पिवळी वाटू लागते.

त्यानंतर उजेड. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड वर्षातला बराच काळ थेट उन्हाचा नसून आकाशाचा असतो, म्हणून निळसर. तिथे स्पष्ट ऊब असलेला हस्तिदंती किंवा बदामी चालतो. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर ऊनच पिवळे-नारिंगी होते, तेव्हा तिथे कमी पिवळा, करड्या अंगाचा रंग घ्यावा. रात्रीचा हिशेब वेगळा. आपल्याकडे सर्रास लावले जाणारे 6500 केल्विनचे पांढरे दिवे निळसर प्रकाश देतात आणि त्याखाली चांगला बेजही निस्तेज दिसतो. 2700 ते 3000 केल्विनचे दिवे तोच रंग खुलवतात. कित्येकदा भिंत पुन्हा रंगवण्यापेक्षा दिवा बदलणे पुरते.

काही कंपन्या प्रत्येक शेडचा परावर्तन अंक देतात: शून्य म्हणजे पूर्ण काळा, 100 म्हणजे पूर्ण पांढरा. एकच खिडकी असलेल्या लहान खोलीला 70 च्या पुढचा अंक असलेला रंग बरा. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे कार्डावर दिसतो त्यापेक्षा रंग खोलीत गडद आणि भडक वाटतो. आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्यावी. छताला निळसर शुभ्र पांढरा दिला, तर खालची क्रीम भिंत मळकी भासते. छतासाठी किंचित उबदार पांढराच योग्य.

अंतिम निर्णय मात्र नमुना पाहूनच घ्यावा. जुन्या रंगावर पट्टा मारू नये, कारण जुना रंग शेजारी राहून डोळ्याला फसवतो. दोन फूट लांब-रुंद पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. ओल्या इमल्शनवरून अंदाज बांधू नये. मग तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पाहावा. चकचकीत फिनिश पुट्टीतला प्रत्येक उंचसखलपणा दाखवतो, तर मॅट तो झाकतो, पण मॅटवरचे डाग पुसायला अवघड. म्हणून बैठकीला मॅट, आणि मुलांच्या खोलीला व स्वयंपाकघराला धुता येणारा साटिनसारखा फिनिश घ्यावा. ओल असलेल्या भिंतीवर आधी गळती बंद करावी. फिक्या उबदार रंगावर ओलीचे पिवळे डाग लगेच उठून दिसतात.

एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्यावा आणि सुरुवातीलाच सगळे डबे एकत्र ढवळून घ्यावेत, कारण दोन वेळा केलेल्या मिश्रणांत सूक्ष्म फरक राहतो. डब्यावरचा शेड क्रमांक आणि बेसचे नाव टिपून ठेवले, तर पुढची डागडुजी सोपी जाते.