विश्लेषण : तीन उंट, दोन हत्ती, वजीर… तरीही डाव बरोबरीत! बुद्धिबळ इंजिन इथे का फसते?

काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तब्बल तीन उंट (त्यांतले किमान दोन प्याद्यांच्या बढतीतून). पांढऱ्याकडे राजा आणि फक्त चार प्यादी. मार्च २०१७ मध्ये पेनरोज इन्स्टिट्यूटने ही स्थिती जाहीर केली, तेव्हा इंजिनांनी काळ्याला घसघशीत आघाडी दिली. प्रत्यक्षात पांढरा आरामात बरोबरी साधतो.

कशी? काळ्याचा वजीर, हत्ती आणि राजा कोपऱ्यात असे कोंडले आहेत की त्यांना एकही चाल नाही. फिरतात फक्त उंट, तेही तिन्ही काळ्या घरांतले. पांढऱ्याची सगळी प्यादी पांढऱ्या घरांत. राजानेही पांढऱ्या घरांतच येरझाऱ्या घालायच्या. समोरचा हत्ती फुकट मिळतोय म्हणून मारला, तर मात्र कोंडलेला वजीर सुटतो.

‘स्टॉकफिश’सारखे इंजिन प्रचंड संख्येने चाली तपासते. पण प्यादे न हलता, काही न मारता दोघांच्या ५० चाली झाल्यावर मिळणारी बरोबरी त्याच्या टप्प्याबाहेर राहते आणि मोहऱ्यांचे वजन भारी पडते. ‘लीला’ स्वतःशी खेळून शिकते, विजय-बरोबरी-पराभवाची शक्यता सांगते. पण असा कोंडवाडा तिच्या सरावात क्वचितच येणार.

उंट फिरत राहिले आणि ५० चाली जवळ आल्या, की इंजिनाचा आकडा शून्याकडे घसरू लागतो.