गोकर्णाची निळी जिन

आज घरच्या घरी फुलांचं जिन कॉकटेल. मी गोकर्णाची 8-10 निळी फुलं घेते, हिरवे देठ काढते आणि अर्धा कप गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवते. पाणी गाळून गार करायचं. ग्लासात बर्फ, 45 मिली जिन, 20 मिली साखरेचा पाक, 60 मिली निळं पाणी. शेवटी 15 मिली लिंबाचा रस सोडा. आंबटपणामुळे निळ्याचं जांभळं होतं!

पण फुलं घरच्या कुंडीतलीच घ्या. हारवाल्याकडच्या फुलांवर औषध फवारलेलं असू शकतं. आणि अनोळखी फूल तर नकोच. कण्हेर दिसते सुंदर, पण पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

महाराष्ट्रात जिनसाठी वय 25 पूर्ण हवं, परवानाही लागतो. तोवर जिनऐवजी गार पाणी घाला, रंगाची गंमत तीच!