सकाळी आखडणारा गुडघा

वयाच्या सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि जिचे दुसरे कोणतेही कारण सापडत नाही अशी सांध्याची सूज म्हणजे बालसंधिवात. वैद्यकातले त्याचे नाव ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए. वात हा म्हाताऱ्यांचा आजार अशी पक्की समजूत असल्यामुळे चार वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजला की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘कुठे पडली होती का?’ हाच. त्या वयाचे मूल रोजच कुठेतरी पडलेले असते. उत्तर ‘हो’ असे येते, गुडघ्याला लेप लागतो आणि महिना निघून जातो.

हा आजार सर्दी-खोकल्याइतका सर्रास नाही, पण मानला जातो तितका दुर्मीळही नाही. लखनौच्या शाळांमधल्या पाहणीत लाखामागे सुमारे ४८ मुलांना तो आढळला. शहरातला आकडा गावांना जसाच्या तसा लागू पडत नाही. तरी अंदाजापुरते पाहायचे तर २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. त्यातली सात-आठ लाख मुले धरली, तर एकट्या या जिल्ह्यात साडेतीनशेच्या आसपास मुलांना हा आजार असावा. शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे, बालसंधिवात नाही. त्यामुळे ही मुले सापडायची ती घरच्यांच्या नजरेला.

आणि नजरेला चकवणे हीच या आजाराची खोड. मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात ते कसे घडते हे सहज समजते. सकाळी मूल खाटेवरून उतरताना पाय सरळ टाकत नाही, उकिडवे बसत नाही, ‘मला उचलून घे’ म्हणून हटून बसते. रात्रभर सांधा हललेला नसतो, त्यात पाणी साचलेले असते आणि सूज वाढवणाऱ्या रसायनांचे रक्तातले प्रमाण पहाटेच सर्वांत जास्त असते. दिवस वर येतो तसा सांधा मोकळा होतो. एसटीने मेहकर गाठून, केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत बारा वाजतात आणि तोवर तेच मूल दवाखान्याच्या व्हरांड्यात पळत असते. आई सांगते लंगडतो, डॉक्टरांना दिसते चालतो. सकाळच्या चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ इथे एक्स-रेपेक्षा जास्त सांगून जातो. लहान मुले ‘दुखते’ असे क्वचितच म्हणतात. ती तो सांधा वापरणे सोडून देतात, एवढेच.

मुलांचा संधिवात मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा आहे हे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली २२ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून दाखवले. त्यांना काही मुलांत सांध्यांबरोबर ताप, सुजलेल्या गाठी आणि वाढलेली प्लीहाही दिसली होती. आज या एका नावाखाली सात प्रकार मानतात. चारपर्यंतच सांधे धरणारा, पाच किंवा अधिक सांधे धरणारा, सोरायसिसबरोबर येणारा, स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे सुजणारा, तापासह सर्वांगात उठणारा, हे त्यांतले मुख्य. भारतात स्नायूबंधांचा प्रकार मोठ्या प्रमाणात दिसतो. तो साधारणपणे आठ-दहा वर्षांपुढच्या मुलग्यांना होतो, टाच आणि खुबा धरतो आणि त्याचा एचएलए-बी२७ या जनुकाशी निकटचा संबंध आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी रोगप्रतिकारशक्तीतला बिघाड आहे. ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असे लोक म्हणतात, ते इथे खरे नाही. ती कमी पडत नाही. भलतीकडे वळते आणि थांबायचे विसरते. सांध्याच्या आतले अस्तर एरवी पेशींच्या दोन-तीन थरांएवढे पातळ असते. त्याचे काम सांध्याला वंगण पुरवण्याचे. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू ओळखून हल्ल्याचा इशारा देतात आणि त्यांच्यातलाच एक गट काम झाले की बाकीच्यांना आवरतो. बालसंधिवातात चेतवणाऱ्या पेशी जोरावर येतात आणि आवरणाऱ्या अपुऱ्या पडतात. शत्रू नसतानाच अस्तरात पेशींची गर्दी होते, ते जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पाणी साचते आणि ते तसेच राहिले तर कूर्चा झिजू लागते. जनुकांमुळे शरीराचा कल तयार होतो, पण ठिणगी कशाने पडते हे ठरलेले नाही. आईच्या गरोदरपणातल्या खाण्यामुळे किंवा मुलाला दही-भात दिल्यामुळे हा आजार होत नाही, हे मात्र नक्की. आईला हा दोष निष्कारण दिला जातो.

पेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांनी. त्यांतली टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही तीन महत्त्वाची. इंटरल्युकिन-६ चे उदाहरण पाहिले म्हणजे सांध्याचा आजार अंगभर कसा पसरतो ते कळते. ते मेंदूला ताप चढवायला लावते, यकृताकडून सीआरपी हे सूज दाखवणारे प्रथिन बनवून घेते आणि हेप्सिडिन नावाचे द्रव्यही वाढवते. हेप्सिडिन शरीरातले लोह कोठारातच अडकवून ठेवते. त्यामुळे मूल पांढरेफटक पडते आणि लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्टीवरही इंटरल्युकिन-६ दाब आणते आणि मुलाची उंची मागे पडते. एकाच गुडघ्याला सूज असेल तर नेमके उलटे होते. तिथला रक्तपुरवठा वाढल्याने तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होतो. जबड्याचा सांधा धरला तर हनुवटी आत राहते, तोंड पुरते उघडत नाही.

निदानात सर्वांत जास्त घोळ रक्ताच्या तपासण्यांमुळे होतो. ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणजे वात नाही असे समजून मुलाला घरी पाठवले जाते. वास्तविक बालसंधिवाताच्या बहुसंख्य मुलांत तो निगेटिव्हच असतो. दुसरी तपासणी एएसओ. घशाला नुकताच जंतुसंसर्ग झालेल्या कोणत्याही मुलात ती वाढलेली दिसते. तेवढ्यावरून ऱ्हुमॅटिक फीव्हर ठरवून मुलाला वर्षानुवर्षे दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सोसावे लागते आणि खरा आजार तसाच राहतो. दोन्हींतला फरक सांध्यावरून कळतो. ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये दुखणे या सांध्यातून त्या सांध्यात फिरते, ठणका फार असतो आणि काही दिवसांत ओसरतो. बालसंधिवात एका जागी ठाण मांडून बसतो. क्षयाचा सांधा आणि रक्ताचा कर्करोग यांचीही खात्री आधी करावी लागते. मूल रात्री दुखण्याने रडत उठत असेल तर जास्तच. कर्करोग नाही हे पाहण्याआधी स्टेरॉइड सुरू केले तर त्याच्या खुणा काही काळ पुसल्या जातात.

घरगुती उपायांपैकी निर्गुडीच्या पाल्याच्या शेकाने आखडलेपण थोडे सैल वाटते आणि नुकसान होत नाही. बिब्बा लावणे मात्र टाळलेच पाहिजे. कोवळी कातडी भाजते आणि जखम चिघळते. सुजलेला सांधा चोळून बसवण्याचा प्रयत्नही घातक.

गुंतागुंतींमध्ये डोळ्याची गुंतागुंत सर्वांत लबाड आहे. थोडेच सांधे धरणाऱ्या प्रकारात, विशेषतः लहान मुलींत आणि एएनए तपासणी पॉझिटिव्ह असेल तर, बुबुळाच्या आसपासचा भाग सुजतो. डोळे आले की लाल होतात, चिकटतात, दुखतात. इथे डोळा पांढरा स्वच्छ राहतो, दुखत नाही आणि मूल तक्रार करत नाही. आतल्या आत बुबुळ भिंगाला चिकटते, मोतीबिंदू येतो, दाब वाढतो. फळ्यावरचे दिसत नाही असे शाळेतून कळते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. भारतात हे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसते, पण धोका असलेल्या मुलीचा डोळा दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली पाहणे एवढाच त्यावर उपाय आहे. टॉर्च मारून हे दिसत नाही.

सर्वांगात उठणारा प्रकार मुळातच वेगळा आहे. इथे बिघाड टी-पेशींपेक्षा प्रतिकारशक्तीच्या जुन्या, जन्मजात फळीत असतो आणि इंटरल्युकिन-१, ६ व १८ यांचा पूर येतो. मुलाला रोज, बहुधा संध्याकाळी, कडक ताप चढतो आणि काही तासांत पूर्ण उतरतो. तापाबरोबर फिकट गुलाबी पुरळ उठते व तापाबरोबरच विरते. सावळ्या कातडीवर ते शोधावे लागते. सांधे कधी कधी आठवड्यांनी सुजतात. तोपर्यंत टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू अशा सगळ्या तपासण्या आणि प्रतिजैविकांचे दोन-तीन कोर्स होऊन गेलेले असतात.

या प्रकारातल्या सुमारे दहा टक्के मुलांत मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम उद्भवतो आणि तो जिवावर बेततो. नैसर्गिक मारक पेशींचे काम चेतलेल्या पेशींना वेळेवर संपवण्याचे. ते त्यांना जमेनासे होते, इंटरफेरॉन-गॅमाचा लोंढा सुटतो आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी अस्थिमज्जेतल्या स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. येणारा-उतरणारा ताप आता सतत राहतो, मूल गुंगीत जाते, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. रिपोर्ट मात्र चकवतात. या मुलाच्या प्लेटलेट आजारामुळे आधी सहा लाखांवर असतात. सोमवारी सहा लाख आणि गुरुवारी दोन लाख आल्या तर गुरुवारच्या कागदावर ‘नॉर्मल’ असेच छापलेले असते. सूज दाखवणारा, आधी वाढलेला ईएसआर उतरतो आणि घरच्यांना वाटते सुधारणा होते आहे. तो उतरतो कारण रक्तातले फायब्रिनोजेन संपत चाललेले असते. फेरिटिन मात्र हजारोंच्या घरात जाते. २०१६ साली ठरलेल्या जागतिक निकषांत दर मिलिलिटरला ६८४ नॅनोग्रॅमपुढचे फेरिटिन ही पहिली अट आहे. म्हणून जुने रिपोर्ट फेकून न देता तारखेने लावून ठेवलेले बरे. डॉक्टरांना प्लेटलेटच्या एका आकड्यापेक्षा त्यांची घसरण पाहायची असते. पावसाळ्यात हीच घसरण डेंग्यूच्या नावावर खपण्याचा धोका असतो. मोठ्या मात्रेतले स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिन तातडीने दिले तर बहुतेक मुले वाचतात. जगभरच्या एका मोठ्या नोंदीत शंभरांपैकी आठ दगावली.

उपचारांचे चित्र गेल्या तीस वर्षांत पालटले आहे. सूजविरोधी गोळ्या आणि सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन यांनी काही मुलांचे भागते. बाकीच्यांना मेथोट्रेक्सेट लागते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो. त्यामुळे वार ठरवून चिठ्ठीवर मराठीत ठळक लिहून घ्यावा. आठवडी बाजाराचा दिवस धरला तर घरात कोणी विसरत नाही.

त्यानेही सूज आटोक्यात आली नाही तर एकेका रसायनालाच अडवणारी औषधे आहेत. अडालिमुमॅब टीएनएफला अडवते, टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ ला. इथे आपल्याकडची अडचण म्हणजे क्षय. छातीत सुप्त असलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचे कडे असते आणि ते टीएनएफच्या बळावर टिकते. टीएनएफ अडवला की कडे ढासळते. म्हणून आधी मॅन्टूची तपासणी व छातीचा एक्स-रे, आणि सुप्त क्षय आढळला तर त्याचे औषध. टोसिलिझुमॅब सुरू असताना ताप आणि सीआरपी दोन्ही दबतात, त्यामुळे अंगात जंतुसंसर्ग असूनही रक्त शांत दिसू शकते. ही औषधे चालू असताना गोवरासारख्या जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाहीत, आणि घरात कोणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवावे लागते.

बालसंधिवाताचे तज्ज्ञ आजही मुंबई-पुण्यात एकवटलेले आहेत. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले, अकोल्याचे त्याआधीपासून आहे, आणि समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जात असल्याने छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. निदान एकदा पक्के झाले की दर महिन्याचे रक्त, वजन-उंची आणि औषधाची मात्रा जवळचे बालरोगतज्ज्ञ पाहू शकतात. मोठ्या केंद्रात वर्षातून दोन-तीन फेऱ्या पुरतात. मुलाला खेळू द्यावे. सांधा जपायचा म्हणून बसवून ठेवलेल्या मुलाची मांडी बारीक होते आणि गुडघा वाकलेलाच राहतो.

बरीच मुले औषधावर पूर्ण शांत होतात, काहींचे औषध पुढे बंदही करता येते. बंद केल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण मोठे आहे आणि उलटताना तो सांध्यातूनच येईल असे नाही. गुडघे वर्षभर मोकळे असलेल्या मुलीच्या डोळ्यात पुन्हा सूज सापडते, म्हणून औषध थांबल्यानंतरही स्लिट लॅम्पच्या तारखा पुढची काही वर्षे चालूच राहतात.