काटा हलतो, पण अल्टरनेटर ठीक असतो

अमेरिकेतल्या थंड राज्यांत 5.9 लिटर कमिन्स डिझेल इंजिनाची डॉज रॅम पिकअप चालवणाऱ्यांना हिवाळ्यात एक शंका छळते. इंजिन सुरू होते, पण व्होल्टमीटरचा काटा खाली-वर होतो, दिवे मंदावतात. मग अल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यातून वीज तयार करणारे यंत्र) बिघडला असे समजून तो बदलला जातो. ही समजूत स्वाभाविक आहे, पण बहुतेकदा चुकीची.

या इंजिनात ग्लो प्लग नसतात. आत येणारी हवाच इनटेक हीटर (हवेच्या वाटेतली तापणारी धातूची जाळी) गरम करतो. त्याला शंभराहून अधिक अँपिअर वीज लागते आणि इंजिन सुरू झाल्यावरही तो काही वेळ आलटून-पालटून चालू-बंद होतो. घरात पाण्याची मोटर सुरू होताच बल्ब क्षणभर मिणमिणतो, तसेच हे.

काटा अजिबात हलत नसेल, तेव्हा हीटरबद्दल खरी शंका घ्यावी; अर्थात कडाक्याच्या थंडीत. उबदार दिवशी हीटर चालूच होत नाही, आणि तो दोष नव्हे. थंड इंजिनावर चावी फिरवून रिलेचा (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) टक् आवाज ऐका. आवाज येऊनही हीटरच्या टोकाशी व्होल्टेज नसेल, तर रिले किंवा त्याची जाड तार तपासा. व्होल्टेज असून जाळी थंडच राहिली, तर जाळी किंवा तिची अर्थिंग तुटलेली. चिकटलेला रिले मात्र सर्वांत वाईट: चावी काढल्यावरही जाळी तापत राहते आणि बॅटऱ्या रिकाम्या होतात.