चिंध्यांची बाहुली: बेत आणि शिवण

गिरणाकाठच्या आमच्या भडगाव तालुक्यात, जिथे कापूस पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला, तिथे जुन्या लुगड्याच्या धडप्यातून आणि सरकी काढलेल्या घरच्याच कापसातून आजीने नातीसाठी बाहुली शिवावी, हा शिरस्ता किती स्वाभाविक होता, हे स्वतः सुई हाती धरल्यावाचून उमगत नाही.

प्रथम कागदावर आकृती बेतावी आणि मान किंचित रुंदच ठेवावी, कारण पुष्कळशा बाहुल्यांचे मस्तक कालांतराने लुळे पडते ते अरुंद मानेपायीच. मांजरपाटाची सुलट बाजू आत येईल अशी दुहेरी घडी करून, कडेने पाव इंच कापड सोडून बारीक टीप घालावी, एका बाजूस दोन बोटे फट राखावी, आणि बगल व मान या वळणांवर, टिपेस धक्का न लावता, कात्रीने चिरा द्याव्यात. ही तजवीज न केल्यास उलटवल्यावर कापडास चुण्या पडतात. पिंजलेला कापूस चिमूट-चिमूट घेऊन आधी हातापायांच्या टोकांत, मग मानेत घट्ट भरावा. डोळे मण्यांचे न करता काळ्या दोऱ्याने भरावेत, म्हणजे तान्ह्या मुलाच्या तोंडात मणी जाण्याचे भय उरत नाही.

के. शंकर पिल्लै यांनी दिल्लीत उभारलेल्या, १९६५ साली खुल्या झालेल्या बाहुली संग्रहालयात देशोदेशीच्या बाहुल्या आपापल्या प्रांताच्या वेषात उभ्या आहेत. आपल्या बाहुलीस नऊवारीच शोभते. त्यासाठी नवे कापड आणू नका, आजीच्या लुगड्याचा काठ वापरा.